हेडर फाइलींमधले टाइपांचे भांडण आणि आर्म जीएनयू टूलचेन : वापरातून लिहिलेले परीक्षण

चाचणीच्या टेबलावर स्टीलच्या पातेल्यात बर्फ आणि जाडे मीठ घालून त्यात तापमानाचा सेन्सर बुडवला होता. आम्ही द्राक्षांच्या शीतगृहासाठी नियंत्रक तयार करत होतो. द्राक्षे साठवताना खोलीचे तापमान शून्याच्या आसपास, कधी उणे एकपर्यंत ठेवावे लागते, त्यामुळे शून्याखालचे वाचन बरोबर येते की नाही हे तपासणे भागच होते. पडद्यावर २ आले, १ आले, ० आले आणि त्यानंतर उणे एकाच्या जागी २५५ आले. नियंत्रकाच्या हिशेबाने खोली २५५ अंशांवर पोचली होती. त्याने कॉम्प्रेसरचा रिले चालू केला आणि सेन्सर कितीही गार झाला तरी तो रिले पुन्हा बंद होईना. हेच माल भरलेल्या खोलीत घडले असते तर एखाद्या बागायतदाराची वर्षाची द्राक्षे गोठली असती.

दोष सापडायला दीड दिवस लागला. आमचा जुना नियंत्रक आठ बिटांच्या एव्हीआर चिपवर होता आणि नवा आर्म कॉर्टेक्स-एम०प्लस चिपवर आणायचा होता. आमच्या हेडरमध्ये (अनेक फाइलींनी वाटून घ्यायच्या व्याख्या ठेवण्याच्या फाइलीत) ‘एस८’ या नावाची व्याख्या ‘साइन्ड कॅर’, म्हणजे उणे संख्याही मावणारा एका बाइटचा टाइप, अशी होती, तर बाहेरून घेतलेल्या एका संवाद-लायब्ररीच्या हेडरमध्ये त्याच ‘एस८’ची व्याख्या नुसती ‘कॅर’ अशी होती. एव्हीआर-जीसीसीमध्ये नुसता कॅर साइन्ड असतो, आर्मवर तो अनसाइन्ड, म्हणजे उणे संख्या नसलेला, असतो. ही दोन हेडर प्रथम एका फाइलीत एकत्र आली तेव्हा कंपायलरने (सी भाषेतला कोड चिपच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमने) रीतसर एरर दिला होता. घाईच्या दिवसांत आमच्यापैकी एकाने दोन्ही ओळींभोवती ‘इफएनडेफ’चे कुंपण (‘हे आधी ठरले नसेल तरच ही ओळ घ्या’ अशी अट) घातले आणि एरर गेला. त्यानंतर जे हेडर आधी येईल त्याची व्याख्या लागू होऊ लागली : सेन्सरच्या फाइलीत आमची, नियंत्रणाच्या फाइलीत लायब्ररीची. स्ट्रक्चर (मूल्यांचा एकत्र ठेवलेला गट) एकच, बाइटही एकच, पण एका फाइलीत त्याचा अर्थ उणे एक आणि दुसरीत २५५.

त्या प्रसंगानंतर मी आर्म जीएनयू टूलचेनकडे एका विशिष्ट दृष्टीने पाहू लागले. कंपायलर किती वेगवान आहे किंवा कोड किती लहान करतो, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या चिपांसाठी, वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली हेडर एका प्रकल्पात कोंबली जातात, तेव्हा त्यांच्यातला टाइपांचा संघर्ष हे साधन किती लवकर, किती स्पष्टपणे आणि किती पूर्णपणे दाखवते, हा या परीक्षणाचा प्रश्न आहे. माझे उत्तर थोडक्यात असे : समोरासमोर आलेले भांडण ते उत्तम दाखवते, एकमेकांपासून लपलेले भांडणही दाखवू शकते, पण तसे सांगितल्याशिवाय दाखवत नाही.

वस्तूची ओळख करून देते. जीसीसी कंपायलर, बिनयुटिल्स (लिंकर वगैरे जोडसाधने), न्यूलिब ही सी लायब्ररी आणि दोष शोधायचा जीडीबी डीबगर यांचा हा संच आर्म कंपनी स्वतः बांधून देते. १०.३-२०२१.१० या आवृत्तीपर्यंत त्याचे नाव ‘जीएनयू आर्म एम्बेडेड टूलचेन’ होते. ११.२-२०२२.०२ पासून तो ‘आर्म जीएनयू टूलचेन’ या नावाने मिळतो. त्याला पैसे पडत नाहीत, परवान्याची किल्ली लागत नाही आणि कोडच्या आकारावर मर्यादा नाही. आमच्यासारख्या छोट्या विभागाला ही मोठीच सोय आहे, कारण प्रत्येक संगणकावर आणि रात्रीच्या बिल्डच्या (सगळा कोड कंपाइल करून जोडण्याच्या) सर्व्हरवरही नेमकी तीच आवृत्ती ठेवता येते. मी पुढे जे लिहिते आहे ते मुख्यतः १३.३.रिल१ या आवृत्तीच्या वापरावरून आहे.

एररचा संदेश ही या साधनाची सर्वांत जमेची बाजू आहे. समजा, एखाद्या जुन्या हेडरमध्ये युइंट३२_टी (३२ बिटांचा, उणे नसलेला पूर्णांक) ची व्याख्या ‘अनसाइन्ड इंट’ अशी हाताने लिहिलेली आहे आणि त्याच फाइलीत एसटीडीइंट.एच (ठरावीक आकाराच्या पूर्णांकांची नावे देणारे मानक हेडर) सुद्धा आले आहे. कंपायलर थांबतो आणि ‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स फॉर युइंट३२_टी, हॅव अनसाइन्ड इंट’ असे सांगून त्या जुन्या हेडरची नेमकी ओळ दाखवतो. लगेच खाली ‘नोट’ म्हणून आधीची व्याख्या कुठे आहे तेही देतो : न्यूलिबच्या एसवायएस फोल्डरमधली _एसटीडीइंट.एच ही फाइल, ओळ क्रमांक, आणि महिरपी कंसात मूळ टाइप, म्हणजे ‘लाँग अनसाइन्ड इंट’. दोन्ही हेडर कोणत्या मार्गाने आत आली त्याची साखळीही ‘इन्क्लूडेड फ्रॉम’ या ओळींत मिळते. भांडणाऱ्या दोन्ही पक्षांचे पत्ते एकाच वेळी हातात पडतात, आणि बहुतेक वेळा दुसरे काहीही शोधावे लागत नाही.

या संदेशापुढे नवा माणूस हमखास गोंधळतो, आणि तो का गोंधळतो हे मला चांगले समजते. कॉर्टेक्स-एम चिपवर इंट ३२ बिटांचा असतो आणि लाँगही ३२ बिटांचाच. मग दोघांत भांडण कसले? सी भाषेच्या दृष्टीने इंट आणि लाँग हे वेगळे टाइप आहेत. आकार जुळला म्हणून ते एक होत नाहीत. या टूलचेनमध्ये युइंट३२_टी हा ‘अनसाइन्ड लाँग’ आहे, तर आर्म कंपनीच्याच आर्म कंपायलरमध्ये तो ‘अनसाइन्ड इंट’ आहे. त्यामुळे वर्षानुवर्षे एका कंपायलरवर निमूट चाललेले हेडर दुसऱ्यावर पहिल्याच मिनिटाला अडते. २०११ च्या सी मानकापासून तीच टाइपडेफ (टाइपला नवे नाव देणारी ओळ) तशीच्या तशी पुन्हा लिहिणे नियमबाह्य राहिलेले नाही. म्हणून जिथे दोन्ही व्याख्या ‘अनसाइन्ड इंट’ निघतात तिथे कुणालाच काही कळत नाही, आणि जिथे एक लाँग निघते तिथे सगळे उघडे पडते. उघडे पडणे मला केव्हाही पसंत आहे. जुन्या मानकाच्या नियमाने ही पुनरुक्तीही पकडायची असेल तर सी९९ निवडून ‘-डब्ल्यूपेडॅंटिक’ लावावे. मग कंपायलर ‘रीडेफिनिशन ऑफ टाइपडेफ’ अशी वॉर्निंग देतो.

ही हाताने लिहिलेली व्याख्या त्या हेडरमध्ये आली कुठून, हेही समजून घेतले पाहिजे, नाहीतर मागच्या पिढीला उगाच दोष दिला जातो. एसटीडीइंट.एच १९९९ च्या सी मानकात आले आणि एम्बेडेड कंपायलरांनी ते स्वीकारायला पुढची कित्येक वर्षे घेतली. तोपर्यंत ज्याने त्याने आपापली नावे पाडली : कुणी यू३२, कुणी यूइंट३२, कुणी डीवर्ड. एलडब्ल्यूआयपी या नेटवर्क लायब्ररीने यू३२_टी असे नाव घेतले, वाहनांच्या सॉफ्टवेअरच्या ऑटोसार मानकाने यूइंट३२ आणि बूलियन घेतले. फॅटएफएस या फाइली साठवण्याच्या लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्यांत इंटिजर.एच या हेडरमध्ये डीवर्ड म्हणजे ‘अनसाइन्ड लाँग’ अशी ओळ होती. ती चिपवर बरोबर असे, पण तोच कोड चाचणीसाठी ६४ बिटांच्या लिनक्सवर चालवला की लाँग आठ बाइटांचा होई आणि डीवर्ड दुप्पट फुगे. फ्रीआरटीओएस या छोट्या चिपांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये तर ‘एसटीडीइंट.रीडमी’ नावाची एक फाइल आहे : ज्याच्या कंपायलरकडे एसटीडीइंट.एच नाही त्याने या फाइलीचे नाव बदलून ती वापरावी, अशी तजवीज. ज्या काळात हे सारे लिहिले गेले त्या काळात ते शहाणपणाचे होते. अडचण अशी की त्या गरजेचा काळ सरला, पण त्या ओळी हेडरांत तशाच राहिल्या.

संदेश वाचल्यावर माणूस पुढे काय करतो, यावर सगळे अवलंबून असते, आणि इथे टूलचेन मदत करू शकत नाही. पहिला चुकीचा उपाय मी वर सांगितला : कुंपण घालून एरर गप्प करणे. दुसरा उपाय त्याहून फसवा आहे, तो म्हणजे कास्ट. लायब्ररीच्या फंक्शनला युइंट३२_टी चा पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) हवा आहे आणि आपल्याकडे ‘अनसाइन्ड इंट’चा आहे, तर मध्ये कंसात टाइप लिहून दिला की कंपायलर गप्प बसतो. पण इंट आणि लाँग वेगळे टाइप असल्यामुळे ‘हे दोन पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत’ असे धरून चालण्याची मुभा ऑप्टिमायझरला (कंपायलरच्या कोड वेगवान करणाऱ्या भागाला) मिळते. ‘-ओ२’ या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर तसे धरले जाते आणि एखादे वाचन लिहिण्याच्या आधीच उरकले जाऊ शकते. डीबग बिल्डमध्ये सगळे नीट, रिलीज बिल्डमध्ये कधीतरी चूक, असा दोष शोधणे किती जिवावर येते हे ज्याने एकदा अनुभवले आहे तो कास्ट लिहिताना थांबून विचार करतो. जीसीसी १४ पासून न जुळणारा पॉइंटर देणे हा वॉर्निंगऐवजी थेट एरर झाला आहे, आणि माझ्या मते हा बदल दहा वर्षे आधी व्हायला हवा होता.

आम्ही शेवटी जो मार्ग धरला तो साधा आहे. आमच्या हेडरमधली प्रत्येक स्वतंत्र व्याख्या काढून टाकली आणि जुनी नावे ठेवायचीच असतील तिथे ती एसटीडीइंट.एच मधल्या नावांवर टेकवली : एस८ म्हणजे इंट८_टी, यू१६ म्हणजे युइंट१६_टी, दुसरे काही नाही. लायब्ररीचे हेडर बदलण्याची परवानगी होती म्हणून तिथेही तेच केले. दुसऱ्या एका लायब्ररीच्या बाबतीत हेडरला हात लावता येत नव्हता, कारण तिच्या निर्मात्याचे प्रमाणपत्र त्या फाइलींना जोडलेले होते. तिथे आम्ही एकच जोड-फाइल लिहिली. त्या लायब्ररीचे हेडर फक्त त्याच फाइलीत येते आणि बाहेर जाणारी सगळी फंक्शने एसटीडीइंटच्या टाइपांत बोलतात. भांडखोर हेडरला एका खोलीत बसवावे आणि दाराशी दुभाषी ठेवावा, तसा हा प्रकार आहे. शिवाय सामाईक हेडरच्या तळाशी काही स्टॅटिक असर्ट (कंपाइल करतानाच तपासल्या जाणाऱ्या अटी) लिहिले : ‘एस८ मध्ये बदललेला उणे एक शून्याहून लहान आहे’, ‘संवादाच्या फ्रेमचे स्ट्रक्चर १२ बाइटांचे आहे’, ‘तिच्यातले तापमान चौथ्या बाइटवर आहे’. यांपैकी पहिली एक ओळ जरी आधी असती तरी आर्मवरची पहिली बिल्डच थांबली असती आणि बर्फाच्या पातेल्याची वेळ आली नसती. स्टॅटिक असर्ट २०११ च्या मानकात आले; ही टूलचेन ते नीट पाळते आणि आपण लिहिलेला मजकूर एररमध्ये जसाच्या तसा दाखवते.

आता शोधण्याच्या साधनांविषयी. कधी कधी एरर ‘कॉन्फ्लिक्टिंग’ असा येतच नाही. ‘अननोन टाइप नेम यू१६’ असा येतो आणि आपण चक्रावतो, कारण यू१६ ची व्याख्या असलेले हेडर तर स्पष्टपणे जोडलेले असते. अशा वेळी कॅपिटल ‘-एच’ हा पर्याय फार उपयोगी पडतो. तो कोणत्या फाइलीने कोणती फाइल आत घेतली त्याचे झाड छापतो आणि जितकी खोली तितके टिंब ओळीच्या सुरुवातीला देतो. आमच्या एका प्रकल्पात त्या झाडात टाइप्स.एच हे नाव दोनदा दिसले, दोन वेगळ्या फोल्डरांतून. दोघांच्या डोक्यावर एकच संरक्षक मॅक्रो (तेच हेडर दुसऱ्यांदा लागू होऊ नये म्हणून ठरवलेले नाव) होता, टाइप्स_एच_. पहिली फाइल आत आली, मॅक्रो ठरला, आणि दुसरी फाइल उघडली जाऊनही तिच्यातली एकही ओळ लागू झाली नाही. झाड पाहिल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला. त्याआधी दोन तास स्पेलिंग तपासण्यात गेले होते. संरक्षक मॅक्रोला प्रकल्पाचे नाव जोडावे हा नियम त्या दिवशी आमच्या कोडिंगच्या नियमांत लिहिला गेला.

त्याच्या जोडीला ‘-ई’ आणि ‘-डीडी’ हे पर्याय एकत्र द्यावेत. प्रीप्रोसेसरने सगळे मॅक्रो उलगडल्यावर कंपायलरच्या हाती नेमके काय पडते, ते सारे एका फाइलीत मिळते. कोणती व्याख्या कोणत्या फाइलीच्या कितव्या ओळीवरून आली याच्या खुणाही असतात. ती फाइल हजारो ओळींची होते म्हणून लोक घाबरतात, पण तीत फक्त एक नाव शोधायचे असते. आणि मुळात या कंपायलरच्या मते कोणता टाइप काय आहे हे पाहायचे असेल तर रिकाम्या फाइलीवर ‘-डीएम’ आणि ‘-ई’ चालवावे : युइंट३२_टी साठी ‘लाँग अनसाइन्ड इंट’, लाँगचा आकार ४, सगळी यादी समोर येते. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावते, कारण यानंतर ‘आकार तर सारखाच आहे’ हा वाद पुन्हा घालावा लागत नाही. त्याच यादीमुळे प्रिंटएफमध्ये ‘%यू’ लिहिल्यावर वॉर्निंग का येते तेही त्याला उमगते, आणि इंटटाइप्स.एच मधला पीआरआययू३२ हा मॅक्रो वापरण्याचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इथपर्यंत मी या साधनाची स्तुतीच केली. माझी तक्रार पुढच्या भागाविषयी आहे, आणि ती गंभीर आहे.

दोन हेडर कधीच एका फाइलीत एकत्र आली नाहीत तर कंपायलरला भांडण दिसूच शकत नाही, कारण तो एका वेळी एकच फाइल पाहतो. एका हेडरमध्ये एखादा सामाईक काउंटर युइंट१६_टी म्हणून घोषित आहे, दुसरीकडे कुणीतरी सी फाइलीतच ‘एक्सटर्न युइंट३२_टी’ अशी घोषणा हाताने लिहिली आहे. लिंकर (कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा प्रोग्रॅम) नुसते नाव जुळवतो, टाइप पाहत नाही. मग चार बाइट लिहिले जातात आणि शेजारच्या व्हेरिएबलचे दोन बाइट चिरडले जातात. हे पकडायची सोय या टूलचेनमध्ये आहे : ‘-एफएलटीओ’ (एलटीओ, म्हणजे लिंक करतानाचे ऑप्टिमायझेशन) लावून बिल्ड केली की लिंक करताना साऱ्या फाइलींची टाइपमाहिती एकत्र येते आणि ‘टाइप डज नॉट मॅच ओरिजिनल डिक्लरेशन’ अशी वॉर्निंग मिळते. जीसीसी ६ पासून ती आपोआप चालू असते, पण एलटीओ स्वतः आपोआप चालू नसते, आणि एम्बेडेड प्रकल्पांत ते चालू करायला लोक बिचकतात. मी असे सुचवेन की उत्पादनात जाणारी बिल्ड एलटीओशिवाय ठेवायची असेल तर ठेवा, पण आठवड्यातून एकदा फक्त तपासणीसाठी एलटीओची बिल्ड चालवा. आमच्याकडे पहिल्याच फेरीत अशा तीन विसंगती निघाल्या, त्यांतली एक चार वर्षे जुनी होती आणि शेजारी रिकामी जागा असल्यामुळे केवळ नशिबाने निभावली होती.

एनमविषयीही (ठरावीक मूल्यांना नावे देणाऱ्या टाइपाविषयीही) सावध राहावे लागते. या टूलचेनमध्ये एनम शक्य तितक्या लहान आकारात ठेवला जातो. ज्यात दोन-चारच मूल्ये आहेत तो एका बाइटमध्ये बसतो. बाहेरून आलेली, आधीच कंपाइल केलेली लायब्ररी ‘-एफनो-शॉर्ट-एनम्स’ लावून बांधलेली असेल तर तिच्या दृष्टीने तोच एनम चार बाइटांचा असतो आणि हेडर अक्षरशः एकच असूनही स्ट्रक्चरची मांडणी दोन्हीकडे वेगळी होते. लिंकर याबद्दल वॉर्निंग देतो, परंतु ती बिल्डच्या अगदी शेवटी, शेकडो ओळींच्या गर्दीत येते आणि बिल्ड यशस्वी झाली असेच दिसते. लिंकरला ‘--फेटल-वॉर्निंग्ज’ द्यावे, म्हणजे तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. जीसीसी १३ ने ‘-डब्ल्यूएनम-इंट-मिसमॅच’ ही नवी वॉर्निंग ‘-डब्ल्यूऑल’मध्ये घातली, एका घोषणेत एनम आणि दुसऱ्या घोषणेत त्याच्याशी जुळणारा पूर्णांक असेल तर ती सांगते. हा स्वागतार्ह बदल आहे.

सर्वांत जास्त त्रास मला ‘बूल’ने, म्हणजे खरे की खोटे एवढेच सांगणाऱ्या टाइपाने, दिला आहे. जुन्या हेडरमध्ये बूल म्हणजे ‘अनसाइन्ड कॅर’ अशी टाइपडेफ असते, आणि एसटीडीबूल.एच मध्ये बूल हा मॅक्रो असतो. एसटीडीबूल.एच आधी आले तर जुनी टाइपडेफ मोडते आणि एरर येतो. उलट क्रमाने आले तर टाइपडेफ निमूट होते, नंतर मॅक्रो तिच्यावर पांघरूण घालतो आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. म्हणजे एकच चूक एका क्रमात ओरडते आणि दुसऱ्या क्रमात झोपून राहते. आकार दोन्हींचा एकच बाइट, म्हणून स्ट्रक्चर बिघडत नाही. बिघडतो तो अर्थ. स्टेटस रजिस्टरचा आठव्या क्रमांकाचा बिट (मोजणी शून्यापासून) तपासण्यासाठी रजिस्टरवर २५६ चा मास्क लावला आणि उत्तर बूलमध्ये ठेवले, तर खऱ्या बूलमध्ये ते १ होते. अनसाइन्ड कॅरमध्ये वरचे बिट कापले जाऊन ० उरते. कोडची ओळ तीच, फाइल बदलली की उत्तर बदलते. ‘-डब्ल्यूऑल’ याबद्दल काही सांगत नाही, ‘-डब्ल्यूकन्व्हर्जन’ लावावे लागते, आणि ते जुन्या प्रकल्पावर लावले की वॉर्निंगांचा पूर येतो. यावर २०२३ च्या सी मानकाने मुळावरच घाव घातला आहे : बूल, ट्रू आणि फॉल्स हे आता भाषेचे राखीव शब्द आहेत. जीसीसी १५ मध्ये हेच मानक मूळ पर्याय म्हणून येते, त्यामुळे अशी जुनी टाइपडेफ असलेले प्रत्येक हेडर तिथे अडेल. जुना प्रकल्प नव्या आवृत्तीवर नेताना ‘-एसटीडी=जीएनयू१७’ असे स्पष्ट लिहून आधी बिल्ड चालू करून घ्यावी आणि मग बूल एकेक हेडरमधून काढावा; घाईने टाइपडेफभोवती कुंपण घालू नये.

वॉर्निंग कुठे लपतात हेही सांगितले पाहिजे. लायब्ररीचे फोल्डर ‘-आयसिस्टम’ने जोडले की त्यातल्या हेडरांमधल्या वॉर्निंग दाबल्या जातात. टाइपांच्या थेट संघर्षाचा एरर त्यातूनही येतोच, पण एखादा मॅक्रो दुसऱ्यांदा वेगळ्या अर्थाने ठरवला गेला तर कळत नाही. सीमेक (बिल्डची मांडणी करणारे साधन) वापरणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण सीमेक आयात केलेल्या लायब्ररीची फोल्डरे स्वतःहून असेच जोडते. नवी लायब्ररी घेताना पहिल्यांदा तरी ‘-डब्ल्यूसिस्टम-हेडर्स’ लावून एक बिल्ड पाहावी.

मिस्रा सी:२०१२ (सुरक्षित सी लिहिण्याची नियमावली) पाळणाऱ्यांना यातल्या बऱ्याच गोष्टी नियम म्हणून माहीत असतील : टाइपडेफचे नाव प्रकल्पात एकमेव असावे, बाहेर दिसणाऱ्या वस्तूची घोषणा एकाच फाइलीत एकदाच असावी. ही टूलचेन मिस्राची तपासणी करत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये; वाहनांसाठीच्या कामाला वेगळा स्टॅटिक विश्लेषक घ्यावाच लागतो. पण ‘-डब्ल्यूमिसिंग-प्रोटोटाइप्स’ लावले आणि प्रत्येक सी फाइल स्वतःचे हेडर सर्वांत आधी जोडते आहे एवढे पाळले, तर त्या नियमांचा मोठा हिस्सा फुकटात साधतो. हेडर स्वतःच्या पायावर उभे आहे की दुसऱ्या कुणाच्या आधी येण्यावर विसंबून आहे, तेही त्याने आपोआप कळते.

कागदपत्रांबाबत मी समाधानी नाही. जीसीसीची पुस्तिका सविस्तर आणि अचूक आहे, पण या संचात युइंट३२_टी लाँग का आहे, एनम लहान का ठेवला जातो, कॅर अनसाइन्ड का आहे, हे तीन प्रश्न आठ बिटांच्या चिपवरून येणाऱ्या प्रत्येकाला पडतात आणि त्यांची उत्तरे तीन वेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात. आर्मने सोबत एकच पान दिले असते तर किती तरी लोकांचे दिवस वाचले असते.

पाचपैकी मी या टूलचेनला चार गुण देते. जो एक गुण कापला आहे तो शांत राहिलेल्या संघर्षांसाठी आणि न मिळालेल्या त्या एका पानासाठी आहे. जुना कोड नव्या चिपवर नेणाऱ्या कुणालाही, विशेषतः ज्यांच्याकडे दोन-तीन पुरवठादारांची हेडर एकत्र आली आहेत त्यांना, मी ती घ्यायला सांगेन, आणि आधी महागडा कंपायलर वापरत असाल तरीही याच्यावर एक समांतर बिल्ड ठेवा असेही सांगेन. इंट आणि लाँग यांत एका कंपायलरला न दिसलेला फरक दुसऱ्याला दिसतो, हे आमच्याकडे दोनदा घडले आहे.

आमचा शीतगृहाचा नियंत्रक आता १३.३.रिल१ वर, जीएनयू११ मानक निवडून, सगळ्या वॉर्निंगांना एरर मानून बांधला जातो. एलटीओची तपासणी शनिवारी रात्री चालते. सामाईक हेडरच्या तळाशी २२ स्टॅटिक असर्ट आहेत, आणि कुठलीही नवी लायब्ररी आली की तिच्यासाठी जोड-फाइल लिहून झाल्याशिवाय तिचे हेडर दुसऱ्या कुठल्याही फाइलीत घेतले जात नाही. बर्फ-मिठाचे पातेले प्रत्येक आवृत्तीच्या चाचणीत अजूनही टेबलावर येते. गेल्या वेळी पडद्यावर २, १, ०, उणे १, उणे २ असे आकडे ओळीने आले आणि रिले शून्यावरच बंद झाला.